चाके टेकली, तरी उतरणे संपलेले नसते

छोट्या खासगी विमानाची चाके धावपट्टीला टेकली की धोका टळला, असे अनेकांना वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे अपघात-अहवाल वेगळे सांगतात. टेकल्यानंतर धावताना वैमानिकाला दिशा राखता आली नाही, हे कारण त्यांत पुन्हा पुन्हा येते. अशा अपघातांत सहसा जीव जात नाही. चाकांचे पाय मोडतात, पंख जमिनीवर घासतो. टेकण्याच्या क्षणी पंख अजून विमान उचलून धरत असतात, त्यामुळे टायरांची पकड अपुरी असते. पुढे वेग उतरतो तसा रडर, म्हणजे पायांनी चालवायची शेपटीवरची उभी हलती फळी, दुबळा होत जातो, कारण त्याचा जोर वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. आडवा वारा मात्र तसाच वाहत राहतो. म्हणूनच टेकल्यावर वाऱ्याच्या बाजूला दिलेला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) सैल सोडायचा नसतो, उलट वेग घटेल तसा वाढवत न्यायचा असतो.

मग दोष वाऱ्याचाच, असे कोणी म्हणेल. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या पुस्तिकेतला १५ नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा अनेकजण कमाल मर्यादा समजतात, तर काहीजण तेवढ्या वाऱ्याची हमी. खरे तर चाचणीत तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवले, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय २० नॉटचा वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर त्याचा आडवा भाग १० नॉटच भरतो. माझ्या मते वाऱ्याच्या आकड्यापेक्षा निर्णायक गोष्ट ही की, टेकताना विमानाचे नाक त्याच्या जाण्याच्या दिशेतच आहे का. तिरके टेकले तर टायर बाजूला ओढतात. शेपटीला चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून ही ओढ वळण वाढवत नेते आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो आणि तीच ओढ विमानाला सरळ करते. त्यामुळे अशा विमानात हा धोका उरत नाही, हा आक्षेप अर्धा खरा आहे. सरळ होण्याचा हा गुण भार मुख्य चाकांवर असेपर्यंतच टिकतो. वाजवीपेक्षा जास्त वेगाने आलेले विमान टेकवण्यासाठी नाक दाबले की भार पुढच्या चाकावर जातो, मागची चाके हलकी होतात आणि विमान ढकलगाडीसारखे पुढच्या चाकाभोवती वळू लागते. त्यात ब्रेक दाबला तर हलकी चाके घसरतात. वेग १० टक्के जास्त असला, तर जिरवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. अचानक आलेला झोत कुशल वैमानिकालाही हलवतो, हे मान्य. पण विमान सरळ असताना, पुरेसा वेग आणि पुढे मोकळी धावपट्टी असताना पूर्ण ताकद देऊन पुन्हा उडता येते. वळण वाढल्यावर तेच करणे घातक ठरते, म्हणून हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. अमेरिकेत शेपटी-चाकाच्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण आणि प्रशिक्षकाची नोंद लागते. केवळ १५ एप्रिल १९९१ पूर्वी अशी विमाने चालवलेल्यांना त्यातून सूट आहे. हा नियम योग्यच आहे, पण रडरवरचे पाय अखेरपर्यंत जागे ठेवण्याची शिस्त नाक-चाकाच्या वैमानिकालाही तितक्याच कसून शिकवली पाहिजे.