बोटांना वाचता येईल अशी फाइल

शाळेच्या नोट्स, मंडळाची पत्रके, लग्नपत्रिका हे सगळे आता संगणकावर तयार होते. तीच फाइल दृष्टिहीन वाचकाला ब्रेलमध्ये छापून देता येते. फक्त ती नीट टाइप केलेली हवी.

लुई ब्रेलने आपली लिपी 1829 मध्ये प्रसिद्ध केली. सहा टिंबांच्या एका घरात 63 आकृत्या बनतात. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली. तिच्यात मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली सर्वांचा ‘क’ एकच! त्यामुळे माळव्यात हिंदीतून शिकलेल्या मुलाला मराठी ब्रेल वाचायला ‘ळ’सारखे एखादेच नवे अक्षर शिकावे लागते.

‘लिबलुई’सारखे मोफत सॉफ्टवेअर हे रूपांतर करते. ते नुसते अक्षराला अक्षर बदलत नाही. ब्रेलमध्ये ‘ई’ आणि तिची वेलांटी यांची खूण एकच असते. म्हणून ‘सई’ लिहिताना मध्ये ‘अ’ घालावा लागतो, नाहीतर ‘सी’ वाचले जाईल. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना मात्र स्वतंत्र घरे आहेत.

खरी अडचण फॉन्टची आहे. देपालपुरातल्या आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीसाठी मी नोट्स ब्रेलमध्ये बदलायला घेतल्या. त्या कृतिदेवमध्ये होत्या. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘हिंदी’ दिसते, पण फाइलच्या पोटात एफ, जी, ए, एन, एच अशी इंग्रजी अक्षरे असतात. ब्रेलचे सॉफ्टवेअर तीच वाचते. मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासण्यात दोन संध्याकाळी गेल्या, ब्रेल मात्र काही मिनिटांत झाले. गावात एम्बॉसर नसला तरी अडत नाही. तयार फाइल ईमेलने पाठवायची. एम्बॉसरच्या सुया जाड कागदावर टिंबे उठवतात आणि पाने टपालाने घरी येतात.

मोबाइल वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला? ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. कानाला दोन्ही जवळपास सारखेच, बोटाला मात्र फरक लगेच कळतो. शुद्धलेखन, गणित आणि स्वतःच्या गतीने वाचण्याचा आनंद ब्रेलमधूनच मिळतो. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये मुंबईतून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते याच भुकेसाठी.

तरुण मित्रांनो, आपल्याला एवढे नक्कीच जमेल: मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. मथळ्याला नुसते ठळक न करता ‘हेडिंग’ स्टाइल द्या. स्पेसबार दाबून रकाने जुळवू नका. पत्रक फोटो म्हणून पाठवलेत तर सोबत मजकूरही जोडा. यासाठी पैसा लागत नाही. पुढच्या कार्यक्रमाचे पत्रक असे तयार झाले, तर ते वाचून दाखवायला कुणाची वाट पाहावी लागणार नाही.