गोळीबरोबर शिधाही हवा

क्षयाच्या गोळ्या दवाखान्यात मिळतात. पण घरातला रिकामा डबा डॉक्टरला कसा दिसणार? झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात मोठा अभ्यास झाला. केवळ रोग्यालाच नव्हे, तर घरच्यांनाही शिधा दिला, तेथे घरच्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

भावी डॉक्टरांनी हे घरोघर जाऊनच शिकले पाहिजे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी खेड्यात शिबिराला राहतात. २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभर एम.बी.बी.एस.ला कुटुंब दत्तक उपक्रम लागू झाला आहे. असा विद्यार्थी दारी आला, तर लाजेने ‘सगळं ठीक आहे’ म्हणू नका. मजुरी, पाणी, भिंतीची ओल, उपास सारे सांगा. ते त्याच्या वहीत उतरलेच पाहिजे.