“यात ग्राफिक कार्ड नाही, झेपेल का?”

सकाळी दहा
बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या आतल्या बोळात आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. शटर पूर्ण वर जायच्या आत एक निवृत्त शिक्षक कापडी पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवतात. “विंडोज दहा बंद झालं म्हणे. अकरा टाकून द्या. पण मुलगा सांगत होता, यात ग्राफिक कार्ड नाही. झेपेल का याला?”

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून हा प्रश्न रोजचाच. दहा बंद पडलेलं नाही. मशीन चालू होतं, पत्रं लिहिता येतात. थांबले ते सुरक्षेचे मोफत अपडेट. बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर करणाऱ्याला मात्र हा फरक लहान नाही.

“सर, बसा. आधी त्यालाच विचारू.” विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची, ‘डीएक्सडायग’ लिहायचं, एंटर. डिस्प्लेच्या पानावर सगळी कुंडली असते. चिप इंटेल यूएचडी ६२०, ड्रायव्हर मॉडेल डब्ल्यूडीडीएम २.७, फीचर लेव्हल १२_१. विंडोज ११ला लागतं डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स आणि डब्ल्यूडीडीएम २.० ड्रायव्हर. म्हणजे ग्राफिक्स पास. वेगळं कार्ड पाहिजे असं मायक्रोसॉफ्टच्या यादीत कुठंच लिहिलेलं नाही. सरांचं घोडं अडलं होतं ते टीपीएम या सुरक्षेच्या अटीपाशी. प्रोसेसर आठव्या जनरेशनचा, त्यामुळे सोय आतच होती. बायोसमध्ये ‘पीटीटी’ नावानं बंद पडलेली. चालू केली, काम मार्गी लागलं.

साडेअकरा
लग्नपत्रिका आणि अहवालांचं डीटीपी करणाऱ्या एक ताई. मशीन सांभाळून वापरलेलं, पण प्रोसेसर आय-५ ७२००यू, सातवी जनरेशन. त्यातलं ग्राफिक्स एचडी ६२०.

सरांचा लॅपटॉप शेजारीच होता, म्हणून दोन्हींचे स्क्रीन ताईंकडे वळवले. एचडी ६२० आणि यूएचडी ६२० ही जवळजवळ सख्खी भावंडं. दोघांतही चोवीस एक्झिक्युशन युनिट, दोघांवरही डायरेक्टएक्स १२ बिनतक्रार. खिडक्या उघडणं, पारदर्शक पट्ट्या, तीन डेस्कटॉप हे सगळं ताईंच्या मशीनला सहज जमलं असतं. पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत सातव्या जनरेशनचे मोजके अपवाद सोडले तर इंटेलचे प्रोसेसर आठवीपासून सुरू होतात. “म्हणजे ग्राफिक्समुळं नाही?” “नाही ताई. तुमचं ग्राफिक्स पास आहे, नाव यादीत नाही.”

तपासणी चुकवून अकरा बसवण्याच्या युक्त्या गल्लीत पोरासोरांनाही पाठ आहेत. पोटापाण्याच्या मशीनवर मी त्या करत नाही. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही, आणि लग्नसराईत ते अडकलं तर ताईंनी कुणाकडे जायचं? त्यांना विंडोज १०च्या वाढीव सुरक्षा अपडेटमध्ये नाव नोंदवून दिलं. घरगुती वापरासाठी ती सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे.

दुपारी दीड
डबा. जेवताना जुना विषय निघतोच.

इनबिल्ट ग्राफिक्सची भीती लोकांच्या मनात उगाच बसलेली नाही. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं, तेव्हा मी याच गल्लीत उमेदवारी करत होतो. काचेसारख्या खिडक्यांच्या त्या ‘एरो’ला डायरेक्टएक्स ९ आणि नव्या पद्धतीचा, म्हणजे डब्ल्यूडीडीएम, ड्रायव्हर लागायचा. इंटेलच्या ९१५ चिपसेटमधल्या ग्राफिक्सला असा ड्रायव्हर कधी मिळालाच नाही. तरी त्या चिपसेटच्या लॅपटॉपवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’चं स्टिकर लागलं, कारण २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्टिकरसाठीची ती अटच सैल केली. गिऱ्हाईक स्टिकर बघून घ्यायचं आणि घरी व्हिस्टाचं साधं, बिनकाचेचं रूप बघत बसायचं. अमेरिकेत यावर खटला झाला आणि २००८ मध्ये कंपनीचे आतले ईमेल उघडे पडले. माइक नॅश या मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्यानं आपल्या २,१०० डॉलरच्या लॅपटॉपचा उपयोग आता ईमेलपुरताच उरलाय, अशी तक्रार त्यांत केली होती. बनवणाऱ्यांचीच ही गत, तर आमच्या गिऱ्हाइकांना काय बोल लावायचा!

पण ते दिवस गेले. २०१५ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स पास होतं, नापास होतात बाकीचे.

तीन
“अकरा टाकल्यापासून हँग होतोय, ग्राफिक्स कमी पडतंय,” अशी चिठ्ठी लावलेला एका सीएच्या ऑफिसातला लॅपटॉप. तळाचे स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पट्टीनं कडेच्या खटक्या सोडवल्या, झाकण उचललं. पंख्याच्या जाळीत नमद्यासारखी धूळ. रॅमचे खाचे दोन, भरलेला एक, त्यात चार जीबीची पट्टी. कोपऱ्यात फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क.

इनबिल्ट ग्राफिक्स म्हणजे स्वतःची भांडीकुंडी नसलेला भाडेकरू. त्याचा स्वयंपाक घरमालकाच्याच रॅममध्ये. चार जीबीत विंडोज, ब्राउझर, टॅली आणि वर हाही जेवणार. शिवाय पट्टी एकच, म्हणजे रस्ताही एकेरी. डीडीआर४-२४०० रॅमच्या एका पट्टीतून सेकंदाला १९.२ जीबी माहिती जाऊ शकते, दोन जुळ्या पट्ट्या लावल्या की कागदावर ३८.४. त्याचा फायदा प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्सला जास्त होतो.

म्हणून चार काढून आठ-आठच्या दोन पट्ट्या बसवल्या, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, हीट सिंकला नवी पेस्ट. ग्राफिक्सला हातही लावला नाही. टॅली आता क्लिक केल्याबरोबर उघडतं.

साडेपाच
एक कॉलेजचा मुलगा. जुन्या बाजारातून घेतलेला दुसऱ्या जनरेशनचा लॅपटॉप, विकणाऱ्यानं अकरा घालूनच दिलेलं. “काका, ब्राइटनेस कमीच होत नाही. व्हिडिओ अडखळतो.” डिव्हाइस मॅनेजर उघडला. ग्राफिक्सच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’. म्हणजे खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, चित्र ढकलण्याचं काम प्रोसेसर एकटा करतोय.

इथं मात्र दोष खरोखरच ग्राफिक्सचा. यातलं एचडी ३००० हे २०११चं, डायरेक्टएक्स १०.१पर्यंतचं. इंटेलनं त्याला विंडोज १०चाही ड्रायव्हर दिला नाही, मग अकराचा कुठून येणार? लिनक्स मिंट टाकून दिलं. लिनक्समध्ये या जुन्या चिपचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतो. ब्राइटनेसची पट्टी खालीवर होऊ लागली तेव्हा पोराचा चेहरा खुलला. पैसे मात्र विकणाऱ्याकडेच राहिले.

आठ
शटर ओढता ओढता फोन. मुलीला कॉमर्सला टाकलंय, विंडोज अकरासाठी गेमिंग लॅपटॉप घ्यावा लागेल का? नाही हो. वेगळं ग्राफिक कार्ड गेमसाठी, थ्रीडीच्या कामासाठी, मोठ्या व्हिडिओ एडिटिंगसाठी. नुसत्या विंडोजसाठी त्यात पैसे घालणं मला उधळपट्टी वाटते. त्याच पैशात सोळा जीबी रॅम आणि बरा स्क्रीन येतो.

जुना लॅपटॉप घेत असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच डीएक्सडायग चालवून बघा, आणि प्रोसेसरचं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधा. घरचाच अपग्रेड करणार असाल, तर आधी फोटो-कागदपत्रांची कॉपी दुसरीकडे ठेवा, बिटलॉकरची की लिहून घ्या. आणि दुकानात येताना चार्जर आणा; निम्मे लोक तो घरीच विसरतात.