‘पाठवले’ आणि ‘पोहोचले’

मावळातल्या एका गावात जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचे काम चालू होते. आवाज मोबाइलवर टिपायचा आणि आजी म्हणत असतानाच तो तुकड्यातुकड्यांनी पुण्यातल्या सर्व्हरकडे जात राहायचा, असे एक छोटे अ‍ॅप मी त्या कामासाठी लिहून दिले होते. एका दुपारी कार्यकर्त्या ताईंचा फोन आला. आजींनी चाळीस मिनिटे ओव्या म्हटल्या, पडद्यावर ‘पाठवले’ अशी हिरवी अक्षरे उमटली, जागा मोकळी व्हावी म्हणून अ‍ॅपने फोनवरची प्रत पुसली. आणि सर्व्हरवर त्या दुपारचे काहीच नव्हते. दोष नेटवर्कचा, असे मी लगेच सांगून टाकले. तो माझा होता. नेमका कुठे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्रोग्रॅममध्ये एखादे काम करून घ्यायचे तर त्या कामाच्या नावाने हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे, ही नेहमीची रीत. काम करणारा दुसऱ्या यंत्रावर बसलेला असला तरी हाक तशीच मारता यावी, ही रिमोट प्रोसीजर कॉलमागची कल्पना. ब्रूस नेल्सन यांनी १९८१ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्रबंधात ती मांडली. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात त्यांनी आणि अँड्र्यू बिरेल यांनी ती प्रत्यक्षात आणली. त्यावरचा त्यांचा निबंध १९८४ चा. त्यात दिलेली हमी फार काटेकोर आहे. उत्तर आले तर काम एकदाच झाले असे समजा. उत्तराऐवजी त्रुटी आली तर ते एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे प्रोग्रॅमर सहसा दुर्लक्ष करतात. दूरची हाक आणि जवळची हाक एकच समजू नका, असा इशारा सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिला. तो मी वाचलेला होता. वाचून फारसा उपयोग झाला नाही, एवढेच.

माझे अ‍ॅप जीआरपीसीवर उभे होते. गूगलने ही प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिच्यात हाकेचे चार प्रकार आहेत. एक प्रश्न, एक उत्तर हा साधा. एका प्रश्नाला सर्व्हरकडून उत्तरांची मालिका हा दुसरा. तिसऱ्यात अर्जदाराने, म्हणजे क्लायंटने, एकामागून एक संदेश पाठवत राहायचे आणि सर्व्हरने शेवटी एकच उत्तर द्यायचे. चौथ्यात दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात. ओव्यांसाठी मी तिसरा निवडला होता. या प्रवाहातल्या प्रत्येक संदेशाआधी पाच बाइट जातात: पहिला बाइट संदेश आवळून पाठवला आहे का ते सांगतो, उरलेले चार त्याची लांबी. त्यामुळे एक तुकडा कुठे संपतो ते सर्व्हरला नेमके कळते, आणि प्रवाहातला क्रमही बिघडत नाही.

मग बिघडते काय? ‘पाठव’ ही आज्ञा. तुकडा देऊन ती आज्ञा बिनतक्रार परतली, याचा अर्थ तो सर्व्हरला मिळाला असा होत नाही. तो फक्त आपल्याच फोनमधल्या वाहतूक व्यवस्थेच्या हवाली झालेला असतो. पत्र पेटीत पडले, इतकेच. खालच्या एचटीटीपी/२ या नियमावलीत, समोरच्याने ‘आणखी घेतो’ म्हणेपर्यंत प्रवाहात किती बाइट सोडायचे याला मर्यादा असते. ती सुरुवातीला ६५,५३५ असते, नंतर बदलता येते. आमचा आवाज सेकंदाला ३२,००० बाइट होता, म्हणजे दोन सेकंदांची ओवी. त्याशिवाय फोनच्या स्वतःच्या साठ्यात आणखी काही तुकडे खोळंबलेले असतात. रेंज गेली की एवढे सगळे अधांतरी.

तरीही दोन सेकंद जायला हवे होते, चाळीस मिनिटे नव्हे. इथे माझी खरी चूक येते. सगळे तुकडे दिल्यावर क्लायंटने ‘माझे बोलून झाले’ असे कळवायचे असते. ही जोडणी अर्धी मिटवणे झाले: बोलणे थांबले, ऐकणे चालू. मग सर्व्हर शेवटचे उत्तर आणि त्यासोबत एक स्थिती-क्रमांक पाठवतो. ० म्हणजे ठीक. १ ते १६ म्हणजे वेगवेगळी विघ्ने. माझ्या प्रोग्रॅमने बोलणे संपवले, हिरवी अक्षरे दाखवली, प्रत पुसली आणि उत्तराची वाट न पाहता जोडणी सक्तीने बंद केली. सर्व्हरला प्रवाहाचा रीतसर शेवट दिसलाच नाही. दिसला तो १ हा क्रमांक, म्हणजे ‘हाक रद्द’. अर्धवट ध्वनिमुद्रण संग्रहात घ्यायचे नाही, हा नियमही मीच घातलेला. सर्व्हरने तो निमूट पाळला. माझ्या टेबलावर, वायफायवर, हे कधीच घडले नाही. प्रत पुसायला जो क्षण लागे, तेवढ्यात सर्व्हरचे काम उरकत असे.

ताई पुन्हा गावात गेल्या. आजी म्हणाल्या, “कालची ववी आज कशी ईल गं बाई?” पण जात्याशी बसल्या. दुसरे मुद्रण चांगले आहे. पहिल्या दिवशी ताईंनी वहीत टिपून ठेवलेल्या काही ओव्या मात्र त्यात नाहीत.

नंतर मी चौथ्या प्रकाराकडे वळलो. आता सर्व्हर अधूनमधून ‘अमुक बाइटपर्यंत जमा झाले’ असे कळवतो, प्रवाह तुटला की अ‍ॅप तिथूनच पुढे सुरू करते. हे हातानेच लिहावे लागले, कारण सर्व्हरकडून प्रतिसाद येऊ लागला की जीआरपीसी तुटलेली हाक आपणहून पुन्हा मारत नाही. तेच मुद्रण दोनदा पोहोचले तर दोन नोंदी होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला फोनवरच ओळखक्रमांक मिळतो. वेळेची मर्यादाही घातली. आपण ती सांगितली नाही तर क्लायंट अनंतकाळ वाट पाहू शकतो. पण ती मर्यादा प्रत्येक तुकड्याला नसून अख्ख्या हाकेला लागू होते, हे मला आधी ठाऊक नव्हते. पहिल्या चाचणीत मी तीस सेकंद ठेवले आणि तिसाव्या सेकंदाला चाचणीचे गाणे मधेच तुटले. फोनवरची प्रत आता ० आल्याशिवाय पुसली जात नाही.

‘पाठवले’ हा शब्द पडद्यावरून काढला. त्या जागी दोन आकडे दिसतात: किती मिनिटे टिपली आणि किती पोहोचली. गावाबाहेर पायवाट वळते तिथे रेंज बरी असते. दुसरा आकडा पहिल्याला गाठेपर्यंत ताई तिथेच उभ्या राहतात.