सायकलींची शेड दारापासून

सायकलींसाठी शेड घालायची ठरली की घरात आधी छपराची चर्चा होते, मग रंगाची. मी म्हणेन, सुरुवात दारापासून करा. साध्या सायकलचं हँडल ६० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतं, हल्लीच्या माउंटन सायकलचं ७५ च्याही पुढे जातं. अडीच फुटी दारातून ती बाहेर काढताना दर वेळी हँडल तिरकं करावं लागतं, बोटं चौकटीला खरचटतात. मग कोपऱ्यावरून दूध आणायलाही हात स्कूटरच्या किल्लीकडे जातो. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात जिन्यांखाली धूळ खात पडलेल्या सायकली बघते, तेव्हा वाटतं, यातल्या निम्म्या तरी केवळ काढायच्या कटकटीपायी बसून राहिल्या असतील.

आमच्या घरामागच्या जागेसाठी तयार प्लास्टिकच्या शेड बघून झाल्या. दिसायला छान, पण बहुतेकींची दारं अरुंद, आणि कुलूप घालायची कडी प्लास्टिकच्याच पातळ पट्टीवर. लाकडाला वाळवीची भीती. शेवटी पत्र्याची शेड ठरवून फॅब्रिकेटरला बोलावलं. टेप काढत त्याने पहिलाच प्रश्न केला, "काकू, किती बाय किती?" मी घरातल्या चारही सायकली अंगणात आणून उभ्या केल्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. अशा उलटसुलट लावल्या की हँडलशेजारी हँडल येत नाही आणि एका सायकलला साधारण दीड फूट पुरतो. भोवती खडूने रेघ ओढली, बाजूने माणूस जेमतेम सरकेल एवढी जागा सोडली. सात बाय सात फूट. दार साडेतीन फुटी, बाहेर उघडणारं. कागदावर आकडे मांडण्यापेक्षा हा खडूचा चौकोन फार बोलका असतो.

तोंड पूर्वेला ठेवलं, कारण पुण्यात पावसाची झड पश्चिमेकडून येते. छपराला मागच्या बाजूला पाऊण फुटाचा उतार. पत्रा ठोकताना मी शिडीजवळ उभी होते ती एवढ्याचसाठी, की स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर बसावेत, खोलगट भागात नाही. पाणी वाहतं खोलगटातून, आणि स्क्रूखालचं रबरी वॉशर उन्हाने कधी ना कधी तडकतंच. त्या दादाला हे सांगावं लागलं नाही. प्रत्येक स्क्रू तो बेताने आवळत होता. जास्त पिळला तर वॉशर चेपून बाहेर येतं, म्हणाला.

खरा शत्रू मात्र पाऊस नाही, कोंडलेली हवा. ओल्या सायकली आत ठेवून दार लावलं की आतली हवा दमट होते. रात्री पत्रा गार पडतो, त्याच्या खालच्या अंगाला थेंब धरतात आणि सायकलींवर ठिबकतात. छप्पर कुठेही गळत नसताना साखळी तांबूस होते ती अशी. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने चढतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. म्हणून शेड हवाबंद करायच्या फंदात पडू नये. समोरासमोरच्या दोन भिंतींत, एकीच्या तळाशी आणि दुसरीच्या छपरालगत, वीतभर उंचीची जाळी ठेवली की वारा खेळता राहतो. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखालची धगही तिथूनच निघते. तरी इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी एप्रिल-मे महिन्यांत घरातच आणावी.

खाली मातीवर नुसत्या फरश्या टाकू नयेत, ओल वर येते. अंगणापेक्षा चार इंच उंच कोबा केला, त्याला दाराकडे किंचित उतार दिला, म्हणजे सायकलींचं निथळलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. उंबरठा ठेवला नाही, त्या जागी सिमेंटचा छोटा चढ केला. कोबा ओला असतानाच त्यात जाड सळईची कडी पुरून घेतली. पत्रा कात्रीनेही कापता येतो, त्यामुळे दाराच्या कुलपावर सगळी भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. साखळी या कडीतून आणि सायकलच्या फ्रेममधून ओवावी. नुसत्या चाकातून घातली तर चाक सोडवून बाकीची सायकल नेता येते. दाराच्या बिजागऱ्यांना बाहेरून स्क्रू नकोत, वेल्डिंगच हवं.

रोज लागणारी सायकल दाराशी, मुलीची सुट्टीतली आत. तेलाची बाटली आणि जुनं फडकं दारामागच्या खिळ्याला, म्हणजे भिजून आल्यावर साखळी तिथल्या तिथे पुसली जाते.