जुनं सोलर, नवी नोंद

जर्मनीत छतावरच्या सोलरची वीज ग्रिडला जोडली असेल, तर तिची नोंद केंद्रीय नोंदवहीत करावीच लागते. ही ऑनलाइन नोंदवही ‘बुंडेसनेट्झआगेंटूर’ ही नियामक संस्था चालवते. ती ३१ जानेवारी २०१९ला खुली झाली आणि खरी पंचाईत जुन्या घरमालकांची झाली. आधी कुठेतरी नोंद होती, वर्षानुवर्षं पैसेही मिळत होते, तरी ३१ जानेवारी २०२१पर्यंत सगळं नव्याने भरायचं होतं. नोंद होईपर्यंत स्थानिक ग्रिड कंपनी विजेचे पैसे रोखून धरते. एवढी जरब बसवली नसती, तर किती जणांनी फॉर्म उघडला असता?

नोंदणीला शुल्क नाही. तारीख मात्र यंत्रणा प्रथम सुरू झाली तीच टाकायची, कारण विजेचा दर त्यावर ठरतो. भरलेली माहिती ग्रिड कंपनी तपासते. घरातल्या बॅटरीची नोंद वेगळी. नेमकी तीच अनेकदा राहून जाते. सोलर असलेलं घर विकत घेतलं, तर नोंद नव्या मालकाच्या नावावर करायला हवी.

बाल्कनीतल्या ८०० वॉटपर्यंतच्या छोट्या सोलरला मे २०२४पासून सूट आहे: ग्रिड कंपनीला वेगळं कळवायला नको, नोंदवही पुरे.