बोअर केलेला ब्लॉक

समजा, काटोलच्या एखाद्या गॅरेजात मारुती ८०० चा जुना इंजिन-ब्लॉक विकायला ठेवला आहे. बाहेरून ताजा चंदेरी रंग, आत आरशासारखी सिलिंडरे. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, अर्धा मिलिमीटर बोअर केला आहे. आता शर्यतीची ताकद आली!" या इंजिनावर शर्यतीच्या गाड्या आपल्या देशात धावल्या आहेत, तेव्हा बोलणे अगदीच हवेतले नाही. तरी पैसे मोजण्यापूर्वी वही-पेन्सिल काढावी हे बरे.

या इंजिनाला तीन सिलिंडरे. मूळ व्यास ६८.५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७२. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने गुणून तिप्पट करा. ७९६ घन सेंटिमीटर येतील. व्यास ६९ केला तर ८०८. वाढ जेमतेम दीड टक्का! एवढ्याने शर्यत जिंकता येत नाही.

मग बोअर करतात कशाला? कनेक्टिंग रॉड तिरपा होतो तेव्हा दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर बाजूने रेटला जातो. त्या दोन बाजू अधिक झिजतात आणि गोल छिद्र लंबगोल होते. वरच्या टोकाशी उष्णता व दाब जास्त, तेल कमी; म्हणून झीजही तेथेच सर्वांत अधिक. मग रिंगांना फट बुजवता येत नाही, तेल जळते, धूर येतो. छिद्र पुन्हा गोल करायचे तर ते मोठेच करावे लागते, आणि त्याला ओव्हरसाइज दट्ट्या लागतो. म्हणजे बोअर ही मुख्यतः झिजेची खूण. विकणारा हे सांगत नाही, एवढेच.

बोअर-गेज लावून वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी व्यास मोजावा. सहाही मापे शतांश मिलिमीटरच्या आसपास जुळली पाहिजेत.

चकाकीवर तर मुळीच भुलू नये. नीट होनिंग केलेल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात आणि त्यांत तेल टिकते. आरशावर ते कसे थांबणार?

ताज्या रंगाखाली चीरही लपलेली असू शकते. संशयाच्या जागी रंग खरवडून रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसावे आणि खडूची पूड भुरभुरावी. चिरेत शिरलेले रॉकेल केशाकर्षणाने पुडीत चढते व ओली रेघ उमटते. तडा गेलेल्या चिनी मातीच्या बशीवर हा प्रयोग शाळेतही करता येईल. मात्र जवळपास ज्योत नको.

राहिला ब्लॉकवर कोरलेला इंजिन-क्रमांक. तो गाडीच्या नोंदणीपत्रात असतो. काटोलच्या एमएच-४० गाडीत दुसरा ब्लॉक बसवला, की परिवहन कार्यालयात तशी नोंद करावी लागते. म्हणून ब्लॉक मूळ ज्या गाडीचा, तिचे कागद आधी मागावेत. क्रमांक घासलेला दिसला, तर भावही विचारू नये.